जिजीजवळ बसायला हरकत नाही

कॅन्सरचा शेक, म्हणजे रेडिएशनचा उपचार, घेऊन आलेल्या बाईजवळ लहान मुलांनी बसू नये, असं आमच्या गावात ठरून गेलं होतं. कोणी ठरवलं, हे कोणालाच सांगता आलं नसतं. अमळनेर तालुक्यातलं बोरीकाठचं हे गाव, घरटी निदान एक शिकलेला माणूस असलेलं. माझी मोठी काकू, जिला अख्खं घर जिजी म्हणतं, उपचार संपवून परतली, तेव्हा तिचा पेला वेगळा झाला, ताट वेगळं झालं, गोधडी वेगळी धुतली जाऊ लागली. तिची बाज ओसरीच्या पार टोकाला गेली. नातू धावत तिच्याकडे निघाला की तीच हात आडवा करायची. "मनाजोडे नको येऊ रे भाऊ, तुले लागी जाई."

शेजाऱ्यापाजाऱ्यांचं मी एक वेळ समजू शकते. पण जिजीनेही ते मान्य करून टाकलं होतं, याने माझा जीव तुटला. सहा-सात आठवडे तोंडाची आग सोसून आलेली बाई, आणि तिला वाटत होतं की आपण नातवाला जवळ घेतलं तर आपल्या अंगातून काहीतरी त्याच्या अंगात जाईल. मी शाळेत विज्ञान शिकवते. हे तरी नीट, शेवटपर्यंत सांगितलं पाहिजे असं मनाने घेतलं.

पहिली गोष्ट आधी सांगते. जिजीला जे दिलं गेलं ते बाहेरून सोडलेले किरण होते. लिनॅक नावाचं यंत्र विजेवर चालतं. आत इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देऊन ते धातूवर आदळवतात, त्यातून निघणारे क्ष-किरण नेम धरून गाठीच्या जागेवर सोडतात. काम काही मिनिटांचं. बटण बंद झालं की किरण संपले. दिवा मालवल्यावर खोलीच्या भिंती काही उजेड देत बसत नाहीत, तसंच हे. पेशंट टेबलावरून उतरतो तेव्हा त्याच्या अंगात, लाळेत, घामात, कपड्यांत किरणोत्सर्गाचा लवलेशही नसतो. कोबाल्ट-६० वापरणारी यंत्रं अजून पुष्कळ ठिकाणी आहेत. त्यांतही कोबाल्ट यंत्राच्या जाड कवचात असतो, पेशंटच्या अंगात जात नाही. आणि मुळात कॅन्सर हा संसर्गाचा आजारच नाही, त्यामुळे पेला वेगळा करण्याला तेवढंही कारण उरत नाही.

अपवाद आहे, आणि तो लपवला तर बाकीचं कोणी खरं मानणार नाही. थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये आयोडीन-१३१ पोटात देतात. तिथे औषधच किरणोत्सर्गी असतं. त्याची ताकद साधारण आठ दिवसांनी निम्मी होते, आणि शरीर त्यातलं बरंचसं लघवीवाटे आधीच बाहेर टाकतं. अशा पेशंटला काही दिवस वेगळं ठेवतात, घरी गेल्यावरही लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून अंतर ठेवायला सांगतात. ते अंतर खरं आहे आणि ठरलेल्या दिवसांनी संपतं. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये आतून शेक देतात, तेव्हा नळीतून किरणोत्सर्गी कण थोडा वेळ आत जातो आणि परत काढून घेतला जातो. बाई घरी जाते तेव्हा आत काही राहिलेलं नसतं. डॉक्टरांनी अंतर ठेवायला सांगितलं असेल तर ठेवावं, सांगितलं नसेल तर आजीच्या कुशीत नातवाला झोपू द्यावं.

जिजीला झाला होता गालाचा कॅन्सर. मशेरी. पहाटे चूल पेटवायच्या आधी आणि रात्री भांडी झाल्यावर, जन्मभर. आमच्या भागातल्या किती तरी बायांचं हेच आहे, पुरुषांचं गुटख्याचं आणि तंबाखू-चुन्याचं. आधी ऑपरेशन झालं, मग शेक. त्याआधी दात तपासून किडलेले काढून टाकले, कारण किरण घेतलेलं जबड्याचं हाड नंतर लवकर भरून येत नाही. पुढे दात काढायची वेळ आली तर ते हाडच सडू शकतं. ही साधी गोष्ट पुष्कळांना उशिरा कळते.

मग मुखवटा केला. पांढऱ्या प्लास्टिकची जाळी, गरम पाण्यात टाकली की मऊ पडते. ती जिजीच्या चेहऱ्यावर ओढून दाबली, आणि दोन-चार मिनिटांत ती घट्ट झाली तेव्हा त्यात जिजीचं नाक, हनुवटी, कपाळ सगळं उमटलं होतं. रोज तोच मुखवटा चढवून कडांना खटके लावून तिला टेबलाला बांधून ठेवायचे, म्हणजे मान केसभर हलणार नाही. शेल्फवर असे पुष्कळ मुखवटे ओळीने ठेवलेले होते, प्रत्येकावर नावाची चिकटपट्टी. पहिल्या दिवशी तिला कोंडल्यासारखं झालं, ती रडली. पुढे आपला मुखवटा कोणता हे तीच दाखवू लागली.

अशा उपचारात साधारण रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, एकूण ६० ग्रेच्या आसपास मात्रा देतात. ग्रे म्हणजे शरीराच्या एक किलो भागाने किरणांची किती ऊर्जा शोषली त्याचं माप. हा ६० चा आकडा किती मोठा, हे पुढचं वाचल्यावर कळेल: सगळ्या अंगावर एकाच वेळी ४ ते ५ ग्रे पडले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. मग ६० ग्रे घेऊन जिजी जिवंत कशी? कारण ते तिच्या गालावर आणि मानेवर पडले, सगळ्या अंगावर नाही. आणि एका दिवसात नाही, रोज थोडे असे कित्येक आठवड्यांत वाटून पडले.

किरण पेशीत शिरले की इलेक्ट्रॉन उडवतात आणि डीएनएचे धागे तुटतात. एक धागा तुटला तर पेशी सहज सांधते. दोन्ही एकाच जागी तुटले तर सांधताना चूक होऊ शकते, किंवा पेशी मरते. निरोगी पेशी रात्रभरात आपली बरीचशी दुरुस्ती करून घेते, कॅन्सरच्या पेशीला ते तितकं जमत नाही. रोज थोडं थोडं देण्यामागचं शास्त्र हे. शरीरात ज्या पेशी भराभर वाढतात त्यांना किरणांचा मार जास्त बसतो, म्हणून कॅन्सरबरोबर तोंडाच्या आतलं अस्तरही सोललं जातं. तिसऱ्या आठवड्यापासून जिजीला गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. मानेची कातडी काळी पडून सोलवटली. लाळेच्या ग्रंथी सुकल्या. कळण्याची भाकरी आणि ठेचा यांवर वाढलेली बाई दुधात कुस्करलेलं केळं आणि पातळ खिचडी यांवर आली. भरताची चव परत यायला कित्येक महिने लागले, आणि पाण्याची बाटली तर अजूनही तिच्या हातातून सुटलेली नाही.

याच काळात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, घरोघर सांजोऱ्या होतात, आणि खानदेशातल्या बाईला आखाजीला घर सोडून दुसरीकडे राहणं किती जड जातं, हे बाहेरच्याला कळणार नाही. "आखाजीले घर जाऊ दे व माय, मंग परत ईसू," असं तिने डॉक्टरीणबाईंचा हात धरून सांगितलं. बाईंनी तिला समोर बसवून समजावलं की मधे खंड पडला तर उरलेल्या कॅन्सरच्या पेशी तेवढ्या वेळात पुन्हा वाढायला लागतात. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये लांबलेला एकेक दिवस रोग आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने किंवा त्याहून थोडी जास्त कमी करतो. जिजी राहिली. पण तिच्या बाजूच्या खोलीतला एक शेतकरी पेरणीला म्हणून गेला तो परत आला नाही. त्याचं पुढे काय झालं, कोण जाणे. शेकाने माणूस जळतो, रक्त आटतं, असलं गावात ऐकून अर्ध्यावर सोडणारे कमी नाहीत. भीतीने जीव जातो तो असा.

भीतीला माप नसतं, हीच खरी अडचण आहे. रेडिएशन म्हटलं की आपण 'आहे की नाही' एवढंच विचारतो, आणि त्या प्रश्नाचं उत्तर कायम 'आहे' असंच येतं. विचारायचं ते किती, अंगाच्या कुठल्या भागावर, किती वेळात.

आरोग्याला होणारा धोका मोजायला सिव्हर्ट हे एकक वापरतात, आणि रोजच्या व्यवहारात त्याचा हजारावा भाग, मिलिसिव्हर्ट. जगातल्या माणसाला निव्वळ निसर्गाकडून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. त्यातला जवळजवळ निम्मा वाटा रेडॉन वायूचा, जो जमिनीतल्या युरेनियमच्या ऱ्हासातून निघतो आणि बंद खोलीत साचतो. बाकीचे किरण आकाशातून, दगडमातीतून आणि अन्नातून येतात. आपला खानदेश काळ्या बेसॉल्टवर वसलेला आहे, आणि बेसॉल्टमध्ये युरेनियम-थोरियम ग्रॅनाइटपेक्षा कमी असतं. उलट केरळच्या करुनागपल्ली भागात समुद्रकाठच्या वाळूत थोरियमवालं मोनाझाइट आहे, आणि तिथल्या काही घरांत माणसं पिढ्यान्‌पिढ्या जगाच्या सरासरीच्या कित्येक पट किरण घेत राहिली आहेत. तिथल्या सुमारे ७० हजार लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. यावरून थोडे किरण निरुपद्रवी असतात असं कोणी म्हणू नये. सावधगिरी म्हणून प्रत्येक मात्रेत थोडा धोका धरूनच नियम केले जातात. एवढंच दिसतं की हळूहळू मिळणाऱ्या थोड्या मात्रेचा परिणाम, असलाच, तर मोजता येणं कठीण जावं इतका लहान असतो.

केळ्याचं तर सांगायलाच हवं, कारण केळ्यात रेडिएशन असतं असा निरोप मोबाइलवर फिरत आला की रावेर-यावलकडच्या पाहुण्यांचा फोन हमखास येतो. खरं आहे ते. पोटॅशियम जिथे जिथे आहे तिथे त्याचा अगदी थोडा अंश पोटॅशियम-४० असतो, तो किरणोत्सर्गी आहे. पण एका केळ्यातून मिळणारी मात्रा मिलिसिव्हर्टच्या दहा हजाराव्या भागाएवढी. शिवाय शरीर पोटॅशियम लागेल तेवढंच ठेवतं, जादा टाकून देतं, त्यामुळे ती साचत नाही. धडधाकट माणसाच्या अंगात पोटॅशियम-४० चे चार हजारांच्या वर अणू दर सेकंदाला फुटत असतात, केळं खा किंवा नका खाऊ. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या जळगावच्या केळीला या निरोपांनी काही होऊ नये, एवढीच माझी इच्छा.

आता मोठ्या मात्रेचं. हिरोशिमा आणि नागासाकीत वाचलेल्या लोकांचा अभ्यास १९५० पासून चालू आहे, सुमारे एक लाख वीस हजार माणसांचा. त्यातून कळलं की आधी काही वर्षांतच रक्ताचा कॅन्सर वाढला, बाकीचे कॅन्सर दशकांनंतर. पोटात असताना, विशेषतः तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, ज्या बाळांनी किरण घेतले त्यांच्यात मेंदूची वाढ खुंटलेली मुलं आढळली. मात्र वाचलेल्या आईबापांना पुढे झालेल्या मुलांमध्ये वंशातून आलेला दोष वाढलेला दिसला नाही. ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण शेक घेऊन बऱ्या झालेल्या तरुण मुलींची लग्नं आपल्याकडे याच संशयाने अडतात.

आणि भंगार. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात १९८७ साली बंद पडलेल्या दवाखान्यातलं रेडिएशनचं जुनं यंत्र भंगारात गेलं. आतली सीझियम-१३७ ची पावडर अंधारात निळी चमकत होती, म्हणून लोकांनी ती घरी नेली, सोयऱ्यांना वाटली. सहा वर्षांच्या एका मुलीने ती अंगाला चोळली आणि त्याच हातांनी जेवली. ती आणि आणखी तिघं गेली; २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात सीझियम सापडलं. दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली तेच घडलं: विद्यापीठातलं न वापरलेलं कोबाल्टचं उपकरण लिलावात गेलं, भंगारवाल्यांनी ते फोडलं, एक माणूस मेला, आणखी काही भाजले. धुळ्याच्या महामार्गावर किंवा भुसावळच्या रेल्वेभोवती लोखंड फोडणाऱ्या पोरांना पिवळ्या पट्टीवरची तीन पात्यांची खूण कोणी दाखवली आहे का? ती खूण असलेली, नको इतकी जड, शिशाने मढवलेली वस्तू फोडायची नाही, लांब व्हायचं, पोलिसांना कळवायचं. शाळेत मी हे दरवर्षी शिकवते, अभ्यासक्रमात असो नसो.

टॉवरबद्दल थोडक्यात. मोबाइलच्या लहरींमध्ये इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ताकद नसते; फार जवळून, फार जोरात असतील तर त्या उष्णता देतात. भारताने २०१२ पासून टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागाची मर्यादा घातली आहे. आमच्या गावात टॉवरविरुद्ध दोनदा ग्रामसभा झाली. बिडीविरुद्ध एकदाही नाही, आणि तंबाखूच्या पानात तर पोलोनियम-२१० असतं, ते धुरातून थेट फुप्फुसात जाऊन बसतं.

ग्रामसभा उन्हाविरुद्धही झाली नाही, आणि होणार तरी कशी. पण वैशाखात पंचेचाळीस अंशांत कांदा काढणाऱ्या, पुढे कापूस वेचणाऱ्या बायांच्या डोळ्यांत कोपऱ्यातून बुबुळाकडे सरकणारा तो मांसल पडदा बघा. वडस म्हणतात त्याला. उन्हातली अतिनील किरणं, वारा आणि धूळ यांनी तो वाढतो. मोतीबिंदूलाही अतिनील किरणं हातभार लावतात. रुंद कडेची टोपी आणि साधा, पण अतिनील किरण अडवणारा चष्मा, एवढ्याने पुष्कळ वाचतं. शेतात चष्मा घालून गेलं की लोक हसतात. हसू द्यावं.

ज्या किरणांचा प्रश्न आपण सगळ्यांत कमी विचारतो ते मात्र दवाखान्यातले. छातीचा एक्सरे ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी. डोक्याचा सीटी २ च्या आसपास. पोटाचा सीटी ८ ते १०, म्हणजे निसर्गाची तीन-चार वर्षं एका दुपारी. गरज असेल तेव्हा सीटीसारखं वरदान नाही. अपघातात डोक्याला मार लागलेला पोरगा आणला तर तासभराचाही विचार करू नये. पण तालुक्याच्या गावीही आता यंत्रं आली आहेत, आणि पुष्कळदा पेशंटच आग्रह धरतो, "डॉक्टर, सीटी काढूनच टाका." एका डॉक्टरांकडची फिल्म दुसऱ्याकडे न्यायची लाज वाटते म्हणून पुन्हा काढला जातो, जुना रिपोर्ट पुरात किंवा घर बदलताना गेला म्हणून तिसऱ्यांदा.

मुलांच्या बाबतीत हे जास्त जपावं लागतं, कारण त्यांच्या पेशी वाढत्या असतात आणि पुढे आयुष्य मोठं असतं. ब्रिटनमध्ये लहानपणी सीटी झालेल्या पावणेदोन लाखांहून अधिक जणांचा अभ्यास २०१२ साली आला. दहा वर्षांखालच्या मुलांचे दहा हजार डोक्याचे सीटी काढले, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कॅन्सरचा एक आणि मेंदूतल्या गाठीचा एक जादा रुग्ण, असा अंदाज निघाला. आईने रात्र जागून काढावी एवढा हा धोका नाही. पण सोनोग्राफीने भागत असेल तर सीटी कशाला, हे विचारण्यापुरता नक्की आहे. सोनोग्राफी आणि एमआरआय यांत हे किरण नसतातच, आणि हेही आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं.

मागच्या पावसाळ्यात जिजीचा तोच नातू झाडावरून पडला. हात मोडला. एक्सरेच्या खोलीत त्याच्याबरोबर त्याची आई (माझी वहिनी), आजोबा, मामा असे सगळे शिरले, आणि कोणी कोणाला बाहेर काढलं नाही. भिंतीवर शिशाचा ॲप्रन लटकत होता, त्यावर धूळ. वहिनीला तेव्हा दिवस गेलेले होते आणि ती पोराचा हात धरून उभी राहणार होती. जिच्या बाजेजवळ तिने पोराला कधी फिरकू दिलं नव्हतं, त्या बाईच्या अंगात किरणाचा कणही नव्हता. इथे मात्र ते खरोखर सुटणार होते आणि तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिचा यात काही दोष नाही. मी तिला बाहेर काढलं, ॲप्रन घातला आणि पोराला मी धरलं. एका एक्सरेतून बाजूच्या माणसावर उडणारे किरण अगदी थोडे असतात. तरी जे विनाकारण घ्यावे लागणार नाहीत ते घेऊ नयेत, आणि पोटात बाळ असेल तर मुळीच नाही.

म्हणून एवढं करा. घरातल्या प्रत्येकाची एक फाईल ठेवा, तीत एक्सरे-सीटीच्या फिल्म आणि सीडी तारखेसकट लावा, आणि नव्या डॉक्टरांकडे जाताना ती न लाजता टेबलावर ठेवा. सीटी सांगितला तर, "याच्याऐवजी सोनोग्राफी चालेल का?" असं विचारा; चांगला डॉक्टर रागावत नाही. दिवस गेल्याची शंका असेल तर तंत्रज्ञाने विचारायची वाट न बघता आधीच सांगा. मूल धरायला एकच जण आत थांबेल, त्याला ॲप्रन मागा, बाकीचे बाहेर. ॲप्रन कुठे आहे ते त्यांना ठाऊक असतं; बहुतेक दाराच्या मागे असतो.